मंगळाच्या वाटेवरचे काळे उंदीर

कोथरूडच्या ज्या सोसायटीत मी मागची एक खोली घेऊन राहतो, तिथे तळमजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. मी नवा होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "आपण काय करता?"

मी म्हटलं, "उंदीर सांभाळतो."

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "आमच्या माळ्यावर आहेत. आम्ही बिनपगारी सांभाळतो." आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर काही दिवस मी 'संशोधन संस्थेत आहे' असं सांगून पाहिलं. पण मग लोक पुढचं विचारतात, शिक्षण विचारतात, आणि आठवी सांगताना माझी जीभ अडखळते. त्यापेक्षा उंदीर बरे. अठरा वर्षं मी तेच करतो आहे. या अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा दोन दिवस वहीला हात लावायचा धीर झाला नाही. लिहिताना काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं गाव भंडारा जिल्ह्यात, तलावांच्या मुलखात. आठवीनंतर शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. पुढची शाळा सात कोसांवर होती आणि भाताची गिरणी घराशेजारी. गिरणीतून पुण्याला आलो ते मार्केट यार्डात बटाट्याची पोती उचलायला. पाठ गेली. मग साफसफाईची माणसं पुरवणाऱ्या एका ठेकेदाराने संस्थेत घातलं. पहिल्या दिवशी समजलं की इथली जनावरं तळहातावर मावतात. देवाचे आभार मानले.

काम सांगायला सोपं आहे. पारदर्शक प्लास्टिकचे पिंजरे, वर जाळी. खाली लाकडाचा भुसा, दर आठवड्याला बदलायचा. पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, ठरलेलं खाणं टाकायचं, प्रत्येक पिंजऱ्यातले तीन उंदीर तीनच आहेत ना हे बघायचं. आवाज करायचा नाही. शीळ घालायची नाही. डोक्याला तेल नाही, अंगाला अत्तर नाही, तोंडात तंबाखू नाही, कारण उंदीर वासावर जगतो आणि नवीन वासाने बावरतो. ही बातमी मी फोनवर घरी सांगितली तेव्हा माझी बायको इंदू म्हणाली, "मी दहा वर्सं म्हनत होती तंबाकू सोडा, त सोडली नाई. उंदराइसाठी सोडली."

आमच्या विभागाच्या प्रमुख मृणाल मॅडम. त्यांनी मला पिंजऱ्यावरच्या चिठ्ठ्या वाचायला शिकवल्या, थर्मामीटर शिकवला, आणि मुख्य म्हणजे 'का' विचारायची परवानगी दिली. एरवी झाडणाऱ्याला कोण 'का' विचारू देतं? त्यांच्या हाताखाली गार्गी नावाची मुलगी पीएच.डी. करत होती. कोथरूडचीच. स्कूटरवरून यायची, हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागायची. मला काका म्हणायची. मला माझी मुलगी आठवायची, ती तेव्हा नागपूरला नर्सिंगला होती.

गार्गीचा विषय ऐकून मला आधी ती थट्टा करते असं वाटलं. माणूस मंगळावर निघाला तर वाटेत त्याच्या मेंदूचं काय होईल? मी मॅडमना विचारलं.

"देवराम, आपण पृथ्वीवर दोन छपरांखाली राहतो," मॅडम म्हणाल्या. "एक हवेचं, एक चुंबकाचं. दोन्ही दिसत नाहीत म्हणून आपल्याला त्यांची किंमत नाही. अंतराळातून सतत कण येत असतात, अतिशय जोरात. कुठेतरी दूर तारे फुटले, त्यांचा तो चुरा. त्यातले काही लोखंडाचे, जड. आपल्या छपरांवर ते बहुतेक अडतात. पृथ्वीजवळ घिरट्या घालणारे अंतराळवीरसुद्धा चुंबकाच्या छपराच्या आतच असतात. मंगळाकडे निघालेला माणूस मात्र दोन्ही छपरांच्या बाहेर पडतो, आणि तोही महिनोन्महिने."

"मग यानाला जाड पत्रा लावायचा."

"गाडीच्या काचेवर दगड बसला तर जास्त काय लागतं? दगड की काचा?"

"काचा."

"तसंच. पत्र्यातून घुसताना कण फुटतो, पत्र्यालाही फोडतो, आणि तो सगळा चुरा आत. त्यापेक्षा पाण्याची भिंत बरी, प्लास्टिकची बरी. पण वाहून किती नेणार?"

त्यांनी धोके सांगितले. कॅन्सरची शक्यता वाढते, मोतीबिंदू लवकर येतो, रक्तवाहिन्या कडक होतात. सूर्यावर वादळ उठलं आणि आडोसा नसला तर माणूस तिथेच ओकाऱ्यांनी आजारी पडेल. डोळे मिटले तरी अंतराळवीरांना मधूनच चमक दिसते म्हणे, कारण एखादा कण डोळ्यातून आरपार गेलेला असतो. आणि मेंदूचं तर अजून नीट कुणालाच माहीत नाही. विसराळूपणा येतो का, घाबरटपणा येतो का.

गार्गी म्हणाली, "काका, इमॅजिन करा. घरापासून इतकं लांब, फोन केला तर उत्तर यायलाच कितीतरी मिनिटं, आणि त्यात डोक्यात धुकं."

मला त्यातलं धुकं तेवढं इमॅजिन करावं लागलं.

किरण द्यायचं मोठं यंत्र दुसऱ्या शहरात होतं. वातानुकूलित गाडीतून उंदीर घेऊन आम्ही गेलो. किरण निम्म्यांनाच द्यायचे होते, प्रवास मात्र सगळ्यांना. मी म्हटलं, उरलेल्यांना कशाला त्रास? गार्गी म्हणाली, "नाहीतर पुढे जे होईल ते किरणांमुळे की गाडीच्या हादऱ्यांमुळे, हे कसं कळणार?" प्रयोगाची ही शिस्त मला आवडली. एकट्यालाच झळ बसली असं कुणी म्हणू नये, म्हणून प्रवास सगळ्यांनीच सोसायचा.

मला वाटलं होतं काहीतरी दिसेल. काहीच दिसलं नाही. आवाज नाही, वास नाही. थोड्या मिनिटांत दार उघडलं.

"इतकंच?"

"इतकंच, काका. तिकडे महिनोन्महिने जे अंगातून जाईल, ते आपण मिनिटांत दिलं. तो आमच्या कामाचा कच्चा भागच आहे. पण तितके महिने कुठलं यंत्र चालू ठेवणार?"

परत आल्यावर पिंजऱ्यांना नुसते आकडे मिळाले. किरण कुणाला लागले याची यादी एका बंद पाकिटात, पाकीट मॅडमच्या कपाटात, कपाटाला दोन कुलपं. गार्गीलाही माहीत नव्हतं. माहीत असलं की मोजणाऱ्याची नजर नकळत झुकते, असं मॅडम म्हणायच्या.

त्याच सुमारास एका शाळेची मुलं बघायला आली होती. काचेतूनच. एका मुलीने मला विचारलं, "काका, यांना मंगळावर जायचं होतं का?"

मी म्हटलं, "नाही. मलाही पुण्याला यायचं नव्हतं."

त्यांच्या बाई हसल्या. मुलगी हसली नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो. आमचे उंदीर काळे होते, कोळशासारखे. चार-पाच महिने गेले आणि भुसा बदलताना माझ्या लक्षात आलं की काही पिंजऱ्यांतल्यांच्या पाठीवर पांढरे केस येताहेत. आधी तुरळक, मग राखेची चिमूट उडवावी तसे. शेजारच्या पिंजऱ्यात त्याच वयाचे उंदीर काळेकुळकुळीत. मी काही शिकलेला नाही, पण मला कळलं. गार्गी उंदरांना चाचणीच्या खोलीत बघायची, लाल मंद दिव्यात. तिथे केस कुठे दिसणार? उजेडात त्यांना रोज बघणारा मी एकटाच.

मी हे तेव्हाच सांगायला हवं होतं. घाबरलो. जे पाकिटात आहे ते आपल्याला कळलं म्हणजे आपण काहीतरी फोडलं, असं वाटलं.

त्या वर्षी दिवाळीत गावी गेलो होतो. वर्षातून दोनदाच जाणं व्हायचं. इंदू अंगणात बसून तांदूळ निवडत होती आणि तिचा भांग पांढरा झाला होता. फोनवर कधी दिसलं नव्हतं. मी बघतच राहिलो.

"काय पाहता जी?" ती म्हणाली. "काल-परवा नाई पिकले. तुमी नोहोते तवा पिकले."

तिला एकटीला सगळं बघावं लागायचं. भाताचं शेताच्या बांधीत, गाईचं गोठ्यात, माझ्या आईचं दुखणं, मुलीचे कागद. मी तिच्यासाठी काय करत होतो? फोनवर 'जेवली का' विचारत होतो.

पुण्याला परतलो, पिंजरे उघडले, आणि त्या पिकलेल्या पाठी बघून मला राहवलं नाही. प्रत्येकाला घरटं करायला कागदाच्या पट्ट्यांची एक ठरलेली चिमूट असते. मी पांढरे केस आलेल्यांना मूठभर टाकायला लागलो. पुठ्ठ्याची एकेक नळी ठेवली, त्यात ते लपायचे, कुरतडायचे. आणि रोज थोडा वेळ हातावर घेऊन बसायचो. बोलायचो पण. गावचंच काहीबाही. तलाव भरला की नाही, पोरीची परीक्षा कधी. चाचणीच्या दिवशी नळी काढून ठेवायचो. म्हणजे आपण चुकतोय हे आतून मला माहीत होतंच.

वर्ष होत आलं तेव्हा चाचण्या संपल्या. चाचणी अशी असते. एका खोक्यात दोन सारख्या वस्तू ठेवतात आणि उंदराला त्या हुंगू देतात. दुसऱ्या दिवशी त्यातली एक बदलतात. आठवण शाबूत असलेला उंदीर नवीन वस्तूपाशी जास्त रेंगाळतो, विसरलेल्याला दोन्ही सारख्याच. पाकीट उघडलं. किरण लागलेल्यांची आठवण जवळपास इतरांइतकीच निघाली.

गार्गी पळत माझ्याकडे आली. "काका, मेंदू टिकला. सगळे म्हणत होते टिकणार नाही." तिने बाकरवडीचा पुडा फोडला. मॅडम एक तुकडा तोंडात टाकून म्हणाल्या, "फारच चांगलं आलंय. म्हणजे कुठेतरी चुकलंय."

त्यानंतर गार्गीने तीन आठवडे चूक शोधली. यंत्राच्या नोंदी, चाचणीचे व्हिडिओ, खोलीचं तापमान. रोज संध्याकाळी मॅडमना सांगायची, इथेही नाही. मी शेजारी बाटल्या धुवत असायचो. तिची चूक माझ्या हातात होती आणि हात साबणात होते.

बोललो असतो तर काम गेलं असतं. मी ठेकेदाराचा माणूस, मला काढायला पत्रही लागत नाही. मुलीचं शेवटचं वर्ष होतं. ते संपलं की कायमचा गावी येतो, असं इंदूला कबूल केलं होतं. घरी जायची मला किती ओढ होती ते कुणाला सांगून पटणार नाही. पण चोरासारखं हाकललं जाऊन नव्हतं जायचं. आणि गप्प बसलो असतो तर? मेंदूला काही होत नाही असं छापून आलं असतं. ते वाचून कुणीतरी खरंच बॅग भरली असती. त्याची बायको दारात उभी राहिली असती आणि तो म्हणाला असता, काळजी करू नको, तपासून बघितलंय. कुणी तपासलं? मी आठवी पास, मूठभर कागद टाकून.

एका सोमवारी सकाळी मी मॅडमच्या खोलीत गेलो.

"बसा," त्या म्हणाल्या. मी बसलो नाही.

"मॅडम, पट्ट्या मी जास्त टाकल्या."

"कसल्या पट्ट्या?"

सगळं सांगितलं. नळ्या, हातावर घेणं, बोलणं. त्यांनी ते सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "कोणाला किरण लागलेत हे तुम्हाला कळलं कसं?"

"केसांवरून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दोन कुलपं," त्या म्हणाल्या. "आणि उत्तर पाठीवर लिहिलेलं." मग मला पिंजऱ्यांचे आकडे विचारले. मी सगळे तोंडपाठ सांगितले. त्यांनी यादीशी ताडून पाहिले. "एक सोडून सगळे बरोबर. त्या पिंजऱ्यातला एक नुसताच लवकर म्हातारा होतोय."

गार्गीला बोलावलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं, सगळ्यांना सेम ठेवायचं असतं. त्यासाठी आपण गाडीतूनसुद्धा सगळ्यांना नेलं होतं, देवराम."

देवराम. काका नाही.

मॅडम मला म्हणाल्या, "सांगितलंत म्हणून मी तुमचं कौतुक करणार नाही. गार्गीचं वर्ष गेलंय." मी म्हटलं, "उद्यापासून येऊ की नको?" त्या म्हणाल्या, "उद्या या. विचार करून सांगते."

आठ दिवस बोलावणं आलं नाही. त्या आठ दिवसांत मी रोज डबा तसाच परत नेला. नवव्या दिवशी बोलावलं.

"तुम्ही केलंत ते परत करायचं," मॅडम म्हणाल्या. "पण ठरवून, लिहून. किरण लागलेल्यांपैकी निम्म्यांना मूठभर पट्ट्या, नळी आणि रोज हात. निम्म्यांना नेहमीचं. न लागलेल्यांतही तसंच. सोबतीने काही फरक पडतो का, हे बघायचं. या खेपेला पांढरे उंदीर आणणार आहे, त्यांचे केस तुम्ही ओळखून दाखवा. एक अडचण आहे. हात तोच हवा. सुरुवातीपासून शेवटच्या उंदरापर्यंत एकाच माणसाचा, आणि चार दिवसांपेक्षा जास्त सुट्टी नाही. उंदीर दोन-अडीच वर्षं जगतो. जमेल का?"

भंडाऱ्याला जाण्या-येण्यातच दोन दिवस मोडतात. मी इंदूला विचारून सांगतो म्हटलं.

इंदूने सगळं ऐकून घेतलं. मागे गाय हंबरत होती, तिला तिने आधी पेंढा टाकला. मग म्हणाली, "चूक तुमची होती?"

"हो."

"त मंग निस्तरा." थोड्या वेळाने म्हणाली, "दोन वर्सं म्हंजे दोनच ना जी?"

"उंदीर तेवढंच जगतात."

ती दोन वर्षं मी यादीबाहेर एक पट्टी जास्त टाकली नाही. पांढऱ्या उंदरांची नजर अधू असते, म्हणून चाचणीच्या वस्तू गार्गीने हुंगून-चाचपून ओळखता येतील अशा निवडल्या. हातावर कुणाला घ्यायचं ते भिंतीवरच्या यादीत असायचं. ज्यांना घ्यायचं नव्हतं ते जाळीला नाक लावून बसायचे, आणि मी पुढे जायचो. या नोकरीत सगळ्यात जड काम कोणतं विचाराल, तर ते. बटाट्याची पोती त्यापुढे काही नव्हती. मधल्या काळात मुलगी नर्स झाली, नागपुरातच नोकरीला लागली, तिचं लग्न ठरलं. लग्नाला मी चार दिवस होतो. मांडव उतरायच्या आत गाडीत बसलो.

मग पाकीट उघडलं. किरण लागलेल्या ज्या उंदरांना पट्ट्या, नळी आणि हात मिळाला होता, त्यांची आठवण बरीच सावरलेली होती. न लागलेल्यांइतकी नाही, पण किरण लागून नेहमीचंच मिळालेल्यांपेक्षा चांगली. कॅन्सरच्या गाठी मात्र दोघांनाही सारख्याच येत होत्या. डोळेही तसेच गढुळत होते. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे सोबतीने किरण अडत नाहीत. नुसतं सोसणं बरं होतं. आणि हे उंदरांचं आहे, माणसाचं अजून कुणाला माहीत नाही." गार्गीने छापायच्या कागदाच्या शेवटी आभारात माझं नाव घातलं आणि मला दाखवायला आणलं. "स्पेलिंग बघा ना, काका," म्हणाली. तो शब्द माझ्या लक्षात आला नाही असं मी दाखवलं.

त्या संध्याकाळी इंदूला सांगितलं. "सोबत असली की डोकं शाबूत राहतं, असं निघालं."

"हे समजाले अठरा वर्सं लागले?" ती म्हणाली. आम्ही दोघंही हसलो, पण ती आधी थांबली.

चाचण्या संपल्या तरी माझं काम संपलेलं नाही. आयुष्य किती, हेही बघायचं असतं आणि ते शेवटच्या उंदरापर्यंत. कुणाला दुखायला लागलं तर डॉक्टर येतात, लांबवत नाहीत. बाकीचे आपल्या वेळेने जातात. आता नऊ उरलेत. अडीच वर्षांच्या पुढे गेलेत, मॅडमनाही नवल वाटतं. रोज सकाळी दार उघडताना मी आधी मोजतो. नऊ भरले की जीव भांड्यात पडतो, आणि लगेच घर आणखी एक दिवस लांब गेलं असं वाटतं. यातला खरा मी कोणता, ते मला सांगता येत नाही.

इंदू रोज फोनवर पहिलं तेच विचारते. "किती उरले जी?"

काल मी म्हटलं, "नऊ."

तिने विचारलं, "खाऊनपिऊन बरे हायेत ना?"

"बरे आहेत. एकाची तेवढी चाल मंदावली आहे."

"त्याले जरा पाहून घ्या," ती म्हणाली.